लॉकरातली कानबाई

आमच्या माहेरची कानबाई म्हणजे एक नारळ. खानदेशात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण गेल्या श्रावणात मला ते एका बँकेला समजावून सांगावं लागलं. बँक खानदेशातच होती, जळगावात, भर बाजारपेठेत. पण बँकेच्या काचेच्या दारातून आत गेलं की गाव बाहेर राहतं, हे मला त्या आठवड्यात नीट कळलं.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. चौरंगावर कळश, कळशावर नारळ, नारळाला चांदीचे डोळे, नाकाच्या जागी नथ, खाली पोत. हा नारळ दरवर्षी नवा आणत नाहीत. तो एकदाच परणून आणलेला असतो, म्हणजे ज्यांच्याकडे आधीपासून कानबाई आहे त्यांच्या घरी नेऊन, लग्नासारखा विधी लावून आणलेला. मग तोच पिढ्यान्‌पिढ्या पुजायचा. आमचा नारळ मायच्या सासूने आणलेला. माय म्हणजे माझी आई. नारळातलं पाणी कधीच आटलंय, खोबरं सुटून त्याचा गोळा आत खुळखुळतो. मायला तो आवाज फार आवडतो. "बोलस ती," असं ती म्हणते आणि नारळ कानाशी धरून बसते.

वडील गेले तेव्हा मी धुळ्याला शाळेत शिकवत होते, अजूनही शिकवते. मी एकुलती एक. माय हळूहळू वर्षातले बरेच महिने माझ्याकडे राहायला लागली आणि जळगावचं घर कुलपात राहायला लागलं. मग एका उन्हाळ्यात शेजारच्या बंद घरात चोरी झाली. चोरांनी टीव्हीला हात लावला नाही, देव्हारा मात्र धुऊन नेला. ते ऐकून माय मला पुन्हा पुन्हा विचारायला लागली. डोळे नि नथ गेली तर सोनाराकडून पुन्हा करून घेता येईल, पण चोरांनी नारळच फोडून खाल्ला तर काय करायचं?

मी म्हटलं, कानबाईला धुळ्याला घेऊन ये. त्यावर मायने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते. माझं घर म्हणजे माझ्या सासरचं घर, तिथे सासरची दैवतं. एका कुळाची कानबाई दुसऱ्या कुळाच्या छपराखाली कशी राहील? चुलतभाऊ अमळनेरला असतो, तो कुळातलाच. पण माय आहे तोवर कानबाई थोरल्या घरची, म्हणजे आमची. मायच्या मागे ती अमळनेरला जाणार. हे कुणी बसून ठरवलं नव्हतं, ते ठरलेलंच होतं. मला भाऊ नाही, आणि लग्न झालेली मुलगी परक्या कुळाची.

तोडगा शेवटी मायनेच काढला. वडिलांच्या आणि तिच्या नावावर बँकेत एक लॉकर होता, तिच्या पाटल्यांसाठी घेतलेला. पाटल्या माझ्या लग्नात माझ्या हातात आल्या आणि लॉकर रिकामा पडला होता.

"बँकनं कुय कोनतं शे?" तिने मला विचारलं.

"बँकेला कसलं आलंय कूळ?"

"मंग व्हयनं. जिले कुय नही, तिना घर कोन्हा बी देव ऱ्हास."

तर्क बिनतोड होता. मला हसू आलं. अशा रीतीने आमची कानबाई तांबड्या कापडात गुंडाळून, डोळे-नथीसकट, बँकेच्या लॉकरात राहायला गेली. दरवर्षी श्रावणात तिला आणायची आणि पूजा आटोपली की परत पोचवायची. लॉकर सांभाळणाऱ्या बाई तेव्हा जळगावच्याच होत्या. त्या किल्ली फिरवायच्या आणि दोन्ही हात जोडायच्या. त्यांचं फार कौतुक करायला नको, याच बाई पासबुक भरायचं म्हटलं की "मशीन बंद आहे, उद्या या" म्हणून तीन चकरा मारायला लावायच्या. पण कानबाई कोण हे त्यांना माहीत होतं.

मग ती बँक एका मोठ्या बँकेत गेली. पाटी बदलली, भिंतींचा रंग बदलला, जुनी माणसं कुठेकुठे बदलून गेली. नव्या बँकेने लॉकरवाल्यांना नवा करार करायला सांगितलं. तसे मेसेज पाठवले होते म्हणे, वडिलांच्या मोबाइलवर. तो नंबर त्यांच्याबरोबरच बंद झाला होता.

गेल्या श्रावणात आम्ही दोघी कानबाईच्या आठवड्यातल्या सोमवारी जळगावला आलो. मी शाळेतून रजा टाकली होती. धुळ्याहून पारोळ्यापर्यंत माय एसटीत बोटांवर माणसं मोजत होती. मग खिडकीबाहेरच्या कपाशीकडे बघत म्हणाली की यंदा भाऊबंदांतल्या सगळ्यांना बोलावलंय, नातवंडांसकट. आदल्या हिवाळ्यात ती न्हाणीघरात पडली होती, तेव्हापासून काठीशिवाय चालता येत नव्हतं. "पुढला सालनं कोन सांगस?" असं ती अधूनमधून म्हणायची, आणि मी ऐकलं नाही असं दाखवायचे. तिला ही कानबाई नीट बसवायची होती. बस्स, बाकी काही नको होतं.

बँकेत टोकन घेतलं. लॉकरच्या टेबलाशी तिशीतली एक मॅडम होती. तिने संगणकात नंबर घातला आणि मान न वळवता सांगितलं, "लॉकर ब्लॉक दिसतोय. करार झालेला नाही."

"मग करू या ना. काय लागतं ते सांगा."

लागत होतं बरंच काही. स्टँप पेपर, फोटो, आधार, पॅन, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, आणि मायची सही. तोवर लॉकर उघडता येणार नाही. मी म्हटलं, सगळं आणते, पण आज एकदा उघडून द्या, त्यात आमची कानबाई आहे.

"म्हणजे काय आहे?"

इथे मी शहाणपणा केला. शाळेत मुलांना खरं बोला म्हणून सांगते ना, त्याची सवय. मी म्हटलं, "नारळ आहे."

आता तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा संगणकाकडे पाहिलं, जणू तिथे लिहिलेलं असावं की लॉकरात नारळ आहे. मग ती उठून आत साहेबांकडे गेली. परत आली ती नियम घेऊनच: लॉकरात खाण्याच्या, नासणाऱ्या वस्तू ठेवता येत नाहीत. त्याबद्दल लेखी द्यावं लागेल.

माय समोर काठी टेकून उभी होती. तिथली एकुलती एक खुर्ची फायलींनी भरलेली होती. मी त्या फायली उचलून टेबलावर ठेवल्या आणि मायला बसवलं. मॅडम म्हणाल्या, "अहो, त्या तिथेच राहू द्या." मी म्हटलं, "फायलींचे पाय दुखत नाहीत." इतकंच बोलले, पण त्या क्षणापासून आमचं काम आणखी अवघड झालं असावं. राग माझ्या नाकावर असतो, हे माझ्या घरचे मला नेहमी सांगतात.

बुधवारी आम्ही कागद घेऊन पुन्हा गेलो. मंगळवारचा दिवस दाखला शोधण्यात आणि स्टँप पेपरच्या रांगेत गेला होता. मॅडमनी कागद एकेक पाहिले, शिक्के मारले, आणि मायपुढे करार ठेवला. मायची सही म्हणजे तिचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षराला मोठा फाटा. लग्नानंतर वडिलांनी तिला ती गिरवायला लावली होती. त्या काळी बँकेत जाऊन आपली सही ठोकणाऱ्या बाया गल्लीत दोनच होत्या, त्यातली एक आपण, हे ती आजही सांगते. आता तिचा हात थरथरतो. फाटा वरती जायच्या ऐवजी खाली घसरला.

"जुळत नाही," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा करा."

मायने पुन्हा केली. मग पुन्हा. एसीचा झोत थेट तिच्या मानेवर येत होता. मी तिचा पदर तिच्या खांद्यांभोवती गुंडाळला. एवढ्यात टाय घातलेला एक तरुण हसतमुखाने जवळ आला आणि तिला म्हणाला, "आजी, तुमच्या खात्यात पैसे नुसते पडून आहेत. एखादी पॉलिसी घेऊन टाका." माझी माय ऐंशी ओलांडलेली. जिची सही बँकेला ओळखू येत नव्हती, तिचं खातं मात्र बँकेला पुरतं पाठ होतं. मी त्या तरुणाला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

"सही जुळत नसेल तर अंगठा घ्या," मागून कुणीतरी सुचवलं. मॅडमना ते पटलं. अंगठा चालेल, पण याच शाखेत खातं असलेले दोन साक्षीदार लागतील.

मायने पेन खाली ठेवलं. "मी अंगठा देवाव नही," ती म्हणाली. "मी आंगठाबहाद्दर नही."

"आजी, नियम आहे."

"जित्तं मानूस समोर बसेल शे, नि हाई कागदले इचारस, मी कोन शे," माय माझ्याकडे वळून म्हणाली. मॅडमना अहिराणी कळली नसावी. कळली असती तर बरं झालं असतं.

मी साहेबांच्या केबिनमध्ये घुसले. साहेब बाहेरच्या राज्यातून बदलून आलेले, वयाने माझ्या एखाद्या माजी विद्यार्थ्याएवढे. मी कानबाईबद्दल सांगितलं, रविवारबद्दल सांगितलं, शुक्रवारनंतर दुसरा शनिवार म्हणून बँक बंद, हेही सांगितलं. ते नम्र होते. नम्रपणे म्हणाले, सिस्टिम घेत नाही तोवर माझ्या हातात काही नाही. आणि मग मदत करावी तसं म्हणाले, "मैडम, नारियल ही तो है. मंदिर के बाहर मिल जाएगा."

केबिनचं दार उघडं होतं. माय काठी टेकत दारापर्यंत आली होती. हिंदी तिला चांगली कळते.

"त्याले इचार," ती मला म्हणाली, "माय बी दुकानवर भेटस का?"

मी त्याचं भाषांतर केलं नाही. मला रडू येत होतं आणि त्या पोरगेल्या साहेबासमोर मला रडायचं नव्हतं. म्हणून मी दार जोरात लावून बाहेर आले. काचेचं दार होतं, सावकाश मिटणारं. तेसुद्धा माझ्या मनासारखं आपटलं नाही.

त्या संध्याकाळी जळगावच्या घरात मायने चौरंग पुसून ठेवला. अमळनेरहून चुलतभावाचा फोन आला. त्याच्या बायकोने गहू निवडून ठेवले होते, केळीचे खांब त्याने कुणाला तरी सांगून ठेवले होते. रावेरकडून एक ओळखीचा ट्रकवाला येणार होता, तोच देणार होता. कानबाई आणली का, असं त्याने विचारलं. मायने "आनसूत" एवढंच सांगितलं. फोन ठेवल्यावर तो एक पर्याय घरात येऊन बसला, ज्याचं नाव आम्ही दोघींनीही काढलं नाही: नवा नारळ. कुणाच्या तरी कानबाईकडे जायचं, नवा परणून आणायचा. लोक आणतातच की. पण मग लॉकरातल्या नारळाचं काय? सासूने आणलेली, आजवर एकही श्रावण न चुकलेली, ती तिथे अंधारात खुळखुळत राहणार आणि इथे तिच्या जागी दुसरीच बसणार.

माझ्या डोक्यात त्या वेळी दुसरंच चाललं होतं. पूर्वी बँकेत माणूस "नाही" म्हणायचा. त्याच्यावर चिडता यायचं, त्याला चहा पाजता यायचा, त्याच्या साल्याची ओळख काढता यायची. आता सिस्टिम "नाही" म्हणते आणि समोर बसलेला माणूस नुसता निरोप्या असतो. सिस्टिमवर कसं चिडायचं? तिला चेहरा नाही, तिला आई नाही. त्या साहेबालाही कुठेतरी आई असणारच, तिचंही एखादं दैवत असणार. पण खुर्चीवर बसला की तो तिच्या पोटचा राहत नाही, बँकेचा होतो. माय म्हणाली होती तेच खरं, बँकेला कूळ नाही. आम्ही तेव्हा ती सोय समजलो होतो.

गुरुवारी मायने बँकेत पाऊल टाकायला नकार दिला. शुक्रवारी सकाळी मात्र ती लवकर तयार झाली. हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "अंगठा देसू."

मी म्हटलं, "पुन्हा एकदा सही करून बघू."

"नही. तिन्हासाठे देसू." आणि मग रिक्षाबाहेर बघत, "कानबाईले काय, सही बी तीच नि अंगठा बी तोच."

बँकेत गेल्यावर साक्षीदार शोधायचं काम माझं. लोक साक्षीदार व्हायला घाबरतात. बँक म्हटलं की घाबरतातच. शेवटी रांगेत उभा असलेला केळीचा एक शेतकरी, हाताला केळीच्या चिकाचे काळे डाग असलेला, कानबाईचं नाव ऐकताच काही न विचारता पुढे आला. त्याने रांगेतल्या आपल्या मागच्या माणसालाही ओढून आणलं. मायने शाईच्या डबीवर अंगठा टेकवला आणि कागदावर दाबला. मान वर केली नाही. मला तिच्याकडे बघवलं नाही म्हणून मी भिंतीवरच्या जाहिरातीकडे बघत राहिले. जाहिरातीत एक म्हातारी हसत होती.

मला वाटलं, झालं. पण मॅडमनी पुढचं पान उलटलं. "नॉमिनी कोण?"

"म्हणजे?" मायने विचारलं.

"तुमच्यानंतर लॉकर कोणाचा?"

माय जराही थांबली नाही. तिने अमळनेरच्या चुलतभावाचं नाव सांगितलं. लॉकरात जे होतं ते त्याचंच होणार होतं, मग नाव दुसऱ्या कोणाचं सांगणार?

"त्यांचं आधार? फोटो?"

मी बाहेर जाऊन त्याला फोन लावला. तो अमळनेरच्या मार्केट यार्डात होता, भोवती लिलावाचा गोंगाट. आधार घरी, फोटो घरी, घरी जाऊन पाठवायला दुपार होईल म्हणाला. मॅडमनी घड्याळ पाहिलं. दुपारनंतर लॉकरचं काम बंद, आणि सिस्टिम नॉमिनीशिवाय पुढे सरकत नाही. "मग सोमवारी या," त्या म्हणाल्या, आणि आमचा चेहरा पाहून असेल किंवा मागची रांग पाहून असेल, वैतागून पुढे बोलल्या, "अहो, इथे कोण आहे त्यांचं टाका ना. ही मुलगी आहे ना तुमची? तिचं आधार आहे ना? मग?"

माय माझ्याकडे बघत राहिली. मीही तिच्याकडे. आमच्या दोघींच्या मध्ये एक गोष्ट होती, जिच्याबद्दल माझ्या लग्नापासून कुणी बोललं नव्हतं.

"लवकर सांगा, आजी."

"टाक," माय म्हणाली.

मॅडमनी माझं नाव घातलं, नात्याच्या जागी 'मुलगी' घातलं. बटण दाबलं. सिस्टिमने घेतलं. इतका वेळ अडून बसलेली सिस्टिम, पण माझ्या नावाला तिने काही हरकत घेतली नाही.

लॉकरच्या खोलीत मॅडम एक किल्ली फिरवून निघून गेल्या. दुसरी मायने फिरवली. तांबडं कापड तसंच होतं. मायने ते छातीशी घेतलं, वरवर हलवलं, कान लावला. आतून खुळखुळ आवाज आला. मायने मला जवळ बोलावलं आणि नारळ माझ्याही कानाशी धरला. एवढ्या वर्षांत तिने तसं कधी केलं नव्हतं. नारळाबद्दल लेखी द्यायचं राहिलं होतं, त्याची आठवण ना मॅडमना झाली ना मी करून दिली.

संध्याकाळी तिने गहू मोजायला घेतले. कानबाईचं जेवण ज्या पिठाचं होतं त्याचे गहू घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ मोजतात. ते वेगळे दळतात, चक्कीवाला त्यासाठी चक्की धुऊन ठेवतो. त्या पिठाचं जे काही होतं, पुरणपोळ्या, पुऱ्या, त्याला रोट म्हणतात. रोट फक्त कुळातल्यांनी खायचा, परक्याला द्यायचा नाही आणि पौर्णिमेच्या आत कणही उरू द्यायचा नाही. अमळनेरहून गहू घेऊन आलेली चुलतभावाची बायको समोर परात धरून बसली होती. माय एकेक नाव घेत होती: चुलतभाऊ, त्याचे दोन मुलगे, धाकट्याचा नुकता रांगायला लागलेला पोरगा. मूठ भरताना तिचा निळा अंगठा गव्हावर उठून दिसत होता. साबणाने घासूनही ती शाई गेली नव्हती.

नावं संपली. मायने आणखी एक सव्वा मूठ घातली.

"मोठी माय, हाई कोन्हं?" चुलतभावाच्या बायकोने विचारलं.

"गप बस वं, मोज चुकस," माय म्हणाली. वय झालं, विसरली असेल, असं पुटपुटत चुलतभावाच्या बायकोने परात उचलली. मलाही तसंच वाटलं.

रविवारी कानबाई बसली. केळीचे खांब, कण्हेरीची फुलं, चांदीचे डोळे. बायका गाणी म्हणत होत्या, फुगड्या घालत होत्या, पोरं प्रसादाभोवती घुटमळत होती. घर बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या घरासारखं राहिलंच नव्हतं. माय चौरंगाजवळ भिंतीला टेकून बसली होती आणि समोर येणाऱ्या प्रत्येकाला कानबाई कशी सोडवून आणली ते सांगत होती. सांगताना अंगठ्याचं काही सांगत नव्हती.

पंगत बसली तशी मी दरवर्षीसारखी वाढायला उठले. लग्नानंतरच्या सगळ्या कानबायांना मी हेच केलंय. खीर वाढते, गंगाफळाची भाजी वाढते, रोट वाढते, आणि सगळ्यांचं झालं की स्वयंपाकघरात साध्या पोळीबरोबर जेवते. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं, निदान वाटतं असं मी म्हटलं नव्हतं. आठवडाभर बँकेत नियमांवरून भांडणारी मी, "फायलींचे पाय दुखत नाहीत" म्हणून सुनावणारी मी, या एका नियमापुढे चमचा घेऊन निमूट उभी राहायचे. बँकेशी भांडता येतं, ती परकी असते. घरच्या नियमाशी भांडायला तोंड उघडत नाही.

"बस," माय म्हणाली.

मला वाटलं, ती पोरांना सांगतेय.

"तुले सांगस. बस." तिने आपल्या शेजारचा पाट थोपटला आणि ताटात रोट वाढला. पंगत थांबली. चुलतभाऊ वाईट माणूस नाही, माझ्यापेक्षा लहान, माझ्या हाताखाली अभ्यास केलेला. तो हळूच म्हणाला, "मोठी माय, आंडेरले रोट?"

आंडेर म्हणजे मुलगी. आमच्याकडे हा शब्द मायेने वापरतात, आणि त्यानेही मायेनेच वापरला होता.

मायने त्याच्याकडे पाहिलं नाही. निळ्या अंगठ्याने तिने रोटाचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि माझ्यापुढे धरला.

"खाय," ती म्हणाली. "बँकनी तुले वारस करी टाकं, मंग नही म्हननारी मी कोन?"

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. मला ते माहीत होतं. कायद्याने नॉमिनी नुसता राखणदार असतो, खरा हक्क कोणाचा ते वेगळं ठरतं. बँकेच्या कागदावरही तसं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि मी तो कागद नीट वाचला होता. मायला अंगठा द्यायला लावणारी, तिला थंडीत बसवून ठेवणारी, तिच्या कानबाईला बाजारातला नारळ म्हणणारी ती बँक, तिने माझ्या मायला असं काहीएक सांगितलेलं नव्हतं.

मी तिची चूक सुधारली नाही. मी पाटावर बसले. चुलतभावाने जरा वेळाने तुपाचं भांडं माझ्याकडे सरकवलं. रोटाचा कणही उरू द्यायचा नसतो. मी ताट पुसून खाल्लं.